खाली बसता येतं का?

दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलून नागपूरहून रिसोडला परत आले, त्या दिवसापासून मी सगळ्या गल्लीत उंच झाले. बायका ओट्यावर खाली बसायच्या, मी खुर्चीवर. विहारात पौर्णिमेला सगळे सतरंजीवर, आणि मी मागे, चपलांच्या शेजारी, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर. खाली बसलेल्यांचं बोलणं खालच्या खालीच फिरतं. वर बसलेल्या माणसापर्यंत त्यातलं फक्त हसू पोहोचतं, कशाला हसले ते पोहोचत नाही. मी आपली उगाच हसायची. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तेव्हाही खुर्चीवरच होते, पण तेव्हा समोरचे सगळे माझ्याकडे बघत असत.

ऑपरेशन झकास झालं होतं हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना उगाच डॉक्टरांच्या नावाने खापर फुटायचं. पूर्वी शाळेच्या तीन पायऱ्या चढताना देव आठवायचे नाहीत, कारण आमच्यात ते नाहीत, पण आई आठवायची. आता मी बसस्टँडपर्यंत चालत जाऊन परत येत होते. फक्त जायला तिथे कोणी नव्हतं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा हैदराबादला असतो. त्याचा फोन रविवारी येतो, तोही गाडी चालवताना. "आई, सगळं ठीक?" "ठीक." एवढ्यात सिग्नल सुटतो.

दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक मुलगी फाइल घेऊन माझ्या खाटेपाशी आली होती. फिजिओथेरपी शिकत होती. म्हणाली, "आजी, आमच्या एका अभ्यासात भाग घ्याल का?"

"आजी नाही, बाई म्हण," मी म्हणाले. "आणि अभ्यासाला मी नाही कशी म्हणणार?"

तिने सगळं नीट समजावलं, आणि समजावणारं माणूस मला लगेच ओळखू येतं. आपल्याकडची माणसं आयुष्यभर जमिनीवर राहतात, ती म्हणाली. जेवण, निवडणं-टिपणं, लग्नाची पंगत, मयतीचं बसणं, सगळं खाली. पण गुडघा बदलला की आम्ही त्यांना सांगतो, आता जन्मभर खुर्ची. दुखणं जातं, पण माणूस बाजूला पडतो. म्हणून आता डॉक्टर लोक विचार करताहेत की काही महिने गेल्यावर, पायरी पायरीने, खाली बसायला आणि उठायला शिकवलं तर नव्या सांध्याला सोसेल का. अर्ध्या लोकांना नेहमीचे व्यायाम द्यायचे आणि अर्ध्यांना हा जास्तीचा सराव. कोण कुठल्या गटात, ते डॉक्टर ठरवत नव्हते, चिठ्ठी ठरवत होती. माझी चिठ्ठी खाली बसणाऱ्यांत निघाली. नशिबाने मला दिलेली ती एकमेव चांगली चिठ्ठी असावी.

मला चित्रांचा एक कागद मिळाला. आधी स्टूल, मग चौरंग, मग पाट, मग जमीन. चित्रातली बाई दर चित्रात हसत होती. शेवटच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पहिल्या वेळी जमिनीवर बसताना जवळ कोणीतरी असू द्या.

मी पाटापर्यंत आले. वेळेत आले, एक दिवसही न चुकवता. आणि तिथे अडकले.

संध्याकाळी भिंतीशी रजई घडी करून ठेवायची, कागद हातात घ्यायचा आणि उभं राहायचं. गुडघा तयार असायचा. पण डोक्यात एकच चित्र यायचं: मी खाली बसले, उठता येत नाही, दाराला आतून कडी, फोन टेबलावर, आणि सकाळी दूधवाला हाका मारतोय. मग मी रजई उचलून जागेवर ठेवायची आणि पोळी टाकायला जायची.

शेजारीपाजारी होते की, असं कोणी म्हणेल. होते. पण मी त्या गल्लीत कोणाकडे विरजण मागायलासुद्धा गेले नाही कधी. कोणाचं घ्यायचं नाही, म्हणजे कोणी बोलायला नको, हा माझा खाक्या. एका बाईमाणसाने नोकरी करून, मान वर ठेवून राहायचं म्हणजे असंच राहावं लागतं, असं मला वाटायचं. मान वर राहिली, हे खरं आहे.

तीन महिन्यांनी त्या मुलीचा पहिला फोन आला. "बाई, दुखणं शून्य ते दहामध्ये किती?" मी प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन." पायऱ्या? चढते. झोप? लागते. सूज? नाही. चार मिनिटांत फोन संपला. "छान, बाई. आता तीन महिन्यांनी करते." फोन ठेवल्यावर घर एवढं गप्प झालं की मी पंखा लावला. थंडीचे दिवस होते.

सहाव्या महिन्यातला फोन आला तेव्हा मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तिने विचारलं, "किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा."

पलीकडे तिचा आवाज बदलला. कुठे दुखतं, कधी दुखतं, बसल्यावर की उठताना, रात्री जाग येते का. ती वीस मिनिटं बोलली. एवढे प्रश्न मला नवऱ्यानेही लग्नात विचारले नव्हते. शेवटी म्हणाली, "पाचच्या वर गेलं की आम्हाला दर आठवड्याला चौकशी करावी लागते. मी गुरुवारी फोन करते."

झालं. मला गुरुवार मिळाला.

खोटं दुखणं कसं असतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असेल? पोटात दुखण्याचे किती नमुने मी वर्गात पाहिलेत! गणिताच्या तासाला सुरू होणारं, खिचडी शिजली की थांबणारं. त्या सगळ्या पोरांना मी रंगेहाथ पकडलं होतं, आणि आता उतारवयात त्यांचीच विद्या माझ्या कामी आली. खोटं बोलायचं तर नेमकं बोलावं लागतं. मी वहीत टिपून ठेवायची: उजवा, आतल्या बाजूने, ठणका, संध्याकाळी. "खाली बसायचा सराव करता ना?" "करते की. त्यानेच तर दुखतं." गुरुवारी मी लवकर स्वयंपाक उरकायची आणि वेणीफणी करून फोनजवळ बसायची. फोनवर कोण बघणार होतं? पण बसायची. आधी गुडघ्याचं बोलणं व्हायचं, मग होस्टेलच्या जेवणाचं, मग तिच्या गावाचं. ती आमच्याच जिल्ह्यातली, शेलूबाजारकडची निघाली. तिला गावाकडचं बोलणं माझ्याशी बोलायला आवडायचं. वर्गात मी त्याच बोलण्याबद्दल पोरांचे कान पिळले होते, ते तिला सांगितलं नाही.

मध्ये मला तपासायला बोलावलं. जीपने वाशीम, तिथून नागपूर. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून पाहिला, गुडघा वाकवून पाहिला, म्हणाले, "फोटो सुंदर आहे. पण तुम्ही दुखतं म्हणता, तर आम्ही ते मानतो." त्या वाक्याने मला खरी लाज वाटली. तरी मी परत येताना गुरुवार मोजत होते.

मग एका गुरुवारी ती नेहमीसारखी बोलेना. म्हणाली, "बाई, खाली बसायचा सराव आता बंद करा. आणि बहुतेक आम्हालाही बंद करावा लागेल."

"म्हणजे?"

"तुमचं दुखणं सरावामुळे वाढलं, असं नोंदलंय. सर म्हणाले, एकीचा सांधा असा कुरकुरत असेल तर नवीन बायकांना हे शिकवायची जोखीम घ्यायची का, ते ठरवू. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. मी भांडले त्यांच्याशी. पण आकडे आहेत ना समोर, तुमचे."

माझे आकडे! माझ्यानंतर कोण कोण त्या खाटांवर येणार होत्या, मला माहीत नव्हतं. पण त्यांना पाहू शकत होते मी. पंगतीत मागे, विहारात मागे, मयतीच्या घरी दाराशी, खुर्च्यांवर. मी स्वतः तर खाली बसले नव्हतेच, आणि आता त्यांनाही बसू देणार नव्हते. खरं सांगितलं तर गुरुवार जाणार, हेही त्याच क्षणी कळलं. मी हिशेब चटकन केला नाही. ती "हॅलो, हॅलो" करत होती.

"पोरी, लिहून घे," मी म्हणाले. "दुखत नाही. सहा कधीच नव्हतं. शून्य."

"काय?"

"आणि मी खाली बसायचा सराव केलाच नाही. पाटापर्यंत केला. जमिनीवर एकदाही बसले नाही."

ती एवढी चिडली की दवाखान्याची भाषा गळून पडली. "मंग तुमी खोटं काहून सांगून राह्यल्या होत्या, बाई? मी तुमच्यासाठी सरांशी भांडली! तुमच्या गुडघ्याची मले झोपेत काळजी वाटे!"

तिला काय काय सांगता आलं असतं. वय झालं, विसरले, आकडा समजला नाही. पण चौतीस वर्षं खोट्या सबबी ऐकल्यावर स्वतःची सबब स्वतःला ऐकवेना.

"तुझा फोन यावा म्हणून," मी म्हणाले.

माझ्या कानात नुसती खरखर. मग तिने नाक ओढलं, आणि परत फॉर्म भरायच्या आवाजात विचारलं, "खाली बसला नाहीत, त्याचं कारण लिहावं लागेल. दुखणं, सूज, भीती, की इतर?"

"इतर."

"इतरमध्ये काय लिहू?"

"घरात कोणी नाही, असं लिही."

तिने लिहिलं. लिहिताना एक एक शब्द मोठ्याने म्हणाली, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. मग म्हणाली, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, बाई. आमच्या कागदावर नुसतं लिहिलंय, कोणीतरी असू द्या म्हणून. ज्यांच्याकडे कोणी नाही त्यांनी काय करायचं, ते लिहिलंच नाही. हे बैठकीत सांगते मी." थोडं थांबून म्हणाली, "आता शून्य लिहिलंय, म्हणजे दर आठवड्याला फोन नसेल. वर्ष भरलं की करीन. तोवर कोणाला तरी जवळ बोलवा. बसा एकदा." आणि मला सांगायला लाज नाही, फोन ठेवल्यावर मी रडले. खोटं उघडं पडलं म्हणून नाही. गुरुवार गेला म्हणून.

पुढचा गुरुवार आला. फोन वाजणार नाही हे माहीत असूनही मी लवकर स्वयंपाक केला. फोनची अकराची वेळ टळून गेली तशी मी चप्पल घातली आणि समोरच्या घराशी जाऊन उभी राहिले.

समोर गाद्या-रजया शिवणारं कुटुंब राहतं. कापूस आता मशीनवर पिंजतात, पण टाके घरची बाईच घालते, दिवसभर जमिनीवर बसून. तिची दोन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली. मला दारात बघून ती लगबगीने उठली. किती सहज उठली!

"बाई, तुमी? काही झालं का?"

"काही झालं नाही. अर्धा तास येतेस का घरी? मला खाली बसायचंय."

"खाली बसाले मी कायले पायजे?" ती गोंधळली. मी तिला कागद दाखवला, चित्रं समजावली. 'घरी येतेस का' हे वाक्य तोंडातून काढताना मला जेवढं जड गेलं, तेवढं तर बसताना गेलं नाही. ती म्हणाली, "इतकीच गोष्ट? चला ना," आणि हातातली उशीची खोळ, सुई-दोरा घेऊन निघाली. तिला रिकाम्या हाताने राहता येत नसावं.

एक हात दिवाणावर, एक पाटावर. पाठ भिंतीला. ती दोन्ही हात पुढे करून उभी होती, मला न शिवता. मी हळूहळू सरकले, पाय पसरले, आणि बुड जमिनीला टेकलं. फरशी गार होती. दुखलं नाही. दिवाणाखाली कित्येक महिन्यांची धूळ साचली होती, ती आम्हा दोघींना एकदमच दिसली.

"उठवू का आता?"

"नको. तूही बस जरा."

ती समोर बसली आणि टाके घालू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "तुमचं ऑपरेशन झालं तवापासून मी दोनदा आली होती, बाई. दारापासूनच परत गेली."

"दारापासून? का?"

"तुमी आत फोनवर बोलून राह्यल्या होत्या. दोनी वेळा. चांगल्या हसून राह्यल्या होत्या. म्हटलं, बाईले बोलाले माणसं हायेत, आपण कायले मधात?"

तिच्या हातातली सुई आत-बाहेर होत होती.

"नव्हती गं," मी म्हणाले. "कोणीच नव्हतं."

तिने सुई खोळीत टोचून ठेवली आणि सरकून माझ्या बाजूला, भिंतीशी येऊन बसली.