कोरडा का वला?

"कोरडा हाय का वला?"

अंगणातून हा प्रश्न आला की मी गॅलरीत जाऊन उत्तर द्यायचं, असा आमच्याकडे शिरस्ताच पडला होता. विचारणाऱ्या आमच्या घरमालकीणबाई, आणि चौकशी माझ्या मुलीच्या, सईच्या खोकल्याची. पाटावर बसून, एक हात कानामागे धरून, तोंड वर करून त्या विचारायच्या. मी म्हणायची, "कोरडा, मावशी." त्यांना ते पटायचं नाही. "सकाळी वला वाटला मला," म्हणायच्या आणि पुन्हा निवडायला घेतलेल्या भाजीत डोकं घालायच्या. दिवसातून तीनदा तरी हे व्हायचं. मला सुरुवातीला राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि पुढे पुढे त्यांनी विचारलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

आम्ही तेव्हा माणमध्ये राहायचो. नवऱ्याची आयटी पार्कातली कंपनी इतकी जवळ होती, की घरातून भांडून निघाला तर राग जायच्या आत पोचायचा. मावशींची शेती त्याच आयटी पार्कात गेलेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मजले चढवून खोल्या काढल्या होत्या. खाली त्या एकट्या, वर आम्ही सगळे भाडेकरू. नाव त्यांचं सगळ्यांना माहीत होतं, घेत कुणीच नव्हतं. भाजीवाल्यापासून साइटवरच्या बिहारी मिस्त्र्यापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी.

खोल्यांमध्ये गॅस होता, वायफाय होतं, गिझर मात्र नव्हता. तो मावशींनी बसवूच दिला नव्हता. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांच्या सासूबाईंनी घातलेली मातीची चूल होती, तिच्यावर हा एवढा तांब्याचा हंडा. उजाडलं की हंड्याला जाळ. लॅपटॉपवाली पोरं टॉवेल खांद्यावर टाकून, बादल्या घेऊन रांगेत उभी. मावशी तांब्यानं मापून पाणी द्यायच्या आणि प्रत्येकाला काहीतरी बोलायच्या. "ए, कान घास जरा." "तुझं लगीन जमलं का रं, का नुसतंच आंघोळी करतुया?" सरपण म्हणजे आसपासच्या बांधकामांवरच्या मोडक्या फळ्या, सेंट्रिंगच्या. सिमेंट लागलेल्या, खिळे ठोकलेल्या. खिळे उपटायचं काम त्या दुपारी करायच्या, गाणं म्हणत. आपल्या दारात राहणाऱ्याला ऊन पाणी मिळालंच पाहिजे, यावर त्यांची मालकीण म्हणून सगळी इभ्रत होती.

आता खोकल्याचं ऐका. सई साडेतीन वर्षांची होती. दिवाळीनंतर कधीतरी खोकायला लागली आणि खोकतच राहिली. ताप नाही, सर्दी नाही, खाणंपिणं व्यवस्थित, उड्या मारणं तर विचारूच नका. नुसता खोकला. उड्या मारता मारता थांबायची, वाकून खोकायची आणि पुन्हा उड्या. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, फोटो स्वच्छ. बाटल्या बदलल्या. "बालदमा असू शकतो," ते म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "नसूही शकतो." अहो, मग मी काय समजायचं? तुम्हीच सांगा. रोग कळला तर माणूस रडून तरी मोकळं होतं. इथे रडायचं कशासाठी तेच ठरेना.

आणि सल्ले! सासूबाईंनी फोनवरून केळी बंद केली. माझ्या आईनं दही बंद केलं. नवऱ्यानं कुठेतरी वाचून अंडी बंद केली आणि सईचं कापसाचं अस्वल पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. शेजारणीनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. घरात वरणभात आणि संशय, एवढंच उरलं होतं. मी रोज दोनदा फरशी पुसायची, पडदे धुवायची, सईचे हात धुवायची. मावशी खालून ओरडल्या, "अगं सयेच्या आई, किती धुशील! लेकरू हाय का कापड?"

त्यांचेही उपाय होतेच. ज्येष्ठमधाची कांडी, हळद-मध, अडुळशाचा काढा. मला न विचारता. एकदा सई खालून वर आली तर हनुवटीला पिवळं काहीतरी. बघते तर अंड्याचा बलक! मी तरातरा खाली गेले. म्हटलं, "मावशी, अंडी बंद केलीत ना तिची?"

"तुमी केलीत. म्या न्हाई."

"अहो, पण खोकला..."

"खोकायला तरी ताकद नको व्हय तिला?"

मी तशीच परत आले. जिन्यात मला हसूही येत होतं आणि रडूही. तोवर सगळंच असं होऊन बसलं होतं. कशानं वाढतोय आणि कशानं कमी होतोय, काही म्हणता काही कळत नव्हतं. मंगळवारी कमी खोकली म्हणून मी मंगळवारी काय काय केलं ते आठवत बसायची. बुधवारी तेच सगळं केलं की दुप्पट खोकायची.

मग एकदा डॉक्टरांकडे निघालो तर मावशी नऊवारी बदलून, डोक्यावर पदर घेऊन फाटकात उभ्या. "म्या येतीया. तुला नीट सांगता येत न्हाई." रिक्षात सईला मांडीवर घेऊन बसल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी मला काहीही विचारलं की उत्तर त्याच द्यायच्या. खोकला कसा? "कोरडा." कधी जास्त? "सकाळी, पाण्याच्या टायमाला." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "घरात धूर असतो का? उदबत्ती, चूल, काही?"

"नाही हो," मी म्हणाले. "आमच्याकडे गॅस आहे."

आणि मी ते मनापासून म्हणाले. चूल म्हणजे स्वयंपाकाची, घरातली. अंगणातली चूल माझ्या डोक्यातच आली नाही. तिचा धूर रोज आमच्या गॅलरीतून आत यायचा, माझ्या धुतलेल्या पडद्यांना त्याचा वास असायचा. पण तो मला इतका सवयीचा झाला होता की धूर म्हणून कधी दिसलाच नव्हता.

मावशींनी मात्र त्यानंतर तोंड उघडलं नाही. परतताना रिक्षातही नाही. त्यांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं, मला वाटलं दवाखान्याचा वास सोसला नसेल. सई त्यांच्या मांडीवर खोकत होती आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी खाली गलका ऐकू आला म्हणून गॅलरीत गेले. पोरं बादल्या घेऊन उभी, हंडा उपडा, आणि चुलीच्या जागी मातीची ढेकळं. वरच्या ढेकळावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. मावशी शेजारी कुदळ टेकवून उभ्या होत्या.

"मावशी, पाणी?" एकानं विचारलं.

"पोरगी खोकतीया वरची. गार पान्यानं करा आंघूळ, न्हाई मरत कुणी."

"पण थंडी किती आहे!"

"मंग नका करू. तसंबी तुला कोन हुंगतंय?"

मी धावत खाली गेले. त्यांच्या सासूबाईंच्या हातची चूल होती हो ती. सणाला पहिला नैवेद्य तिला दाखवायच्या त्या. मी त्यांचा हात धरला तर म्हणाल्या, "दागदर म्हनला न्हवं, धूर. मला ठावं हुतं का? म्या आपली फळ्या जाळतीया ढीगभर." मग माझा हात झटकून म्हणाल्या, "जा, ती खोकतीया बघ. कोरडा हाय का वला?"

तुम्हाला वाटेल, चूल मोडली आणि खोकला गेला. मलाही तसंच वाटलं होतं. कसलं काय! खोकला होता तसाच. चार दिवस गेले, आठ दिवस गेले. मावशी रोज अंगणातून विचारायच्या, "आता?" मी म्हणायची, "बघू." पोरं गार पाण्यानं आंघोळ करून शिव्या घालत होती, स्वतः मावशी पहाटे गार पाणी अंगावर घेताना 'हर हर' करून किंचाळायच्या ते वर ऐकू यायचं, आणि इकडे माझी लेक खोकतच होती. मला इतकी लाज वाटायची की काय सांगू. मी सईला मनात म्हणायची, अगं बाई, माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी तरी थांब.

तो थांबला ते आम्हाला कळलंच नाही. थंडी सरली होती. एका दुपारी दार वाजलं, उघडलं तर मावशी. गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढायच्या नाहीत. कठडा धरून उभ्या, धाप लागलेली, चेहरा पांढराफटक.

"काय झालं तिला? आवाज का न्हाई?"

सई जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो. खोकत नव्हती. आठवायला लागले, काल खोकली होती का? परवा? आठवेना. मावशी भिंतीला टेकून बसल्या त्या उन्हं उतरेपर्यंत, आणि सई एकदाही खोकली नाही.

त्यानंतर श्रेय घ्यायला सगळे पुढे. सासूबाई म्हणाल्या, केळी. आई म्हणाली, दही. नवरा म्हणाला, अस्वल. डॉक्टर म्हणाले, असे खोकले कधीकधी आपोआप जातात. चुलीनं गेला का, मी विचारलं. "असेल," ते म्हणाले. मग चष्म्यावरून बघत, "नसेलही."

मावशींनी एकदाच विचारलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "चुलीनं ग्येला आसंल का गं?"

मी "हो" म्हणाले. ते खरं की खोटं, मला आजही माहीत नाही.

पुढे तो प्लॉट बिल्डरकडे गेला. आम्ही सूसला सोसायटीत आलो आणि मावशी माले गावी, भावाकडे. फोन यायचा त्यांचा. तू कशी आहेस, नवरा कसा आहे, काही नाही. "खोकला?" "नाही, मावशी." "बरं. कवा येताय?" मी म्हणायची, या रविवारी. मग कधी शाळेचं काही, कधी पाहुणे, आणि चांदणी चौकातली गर्दी तर आहेच. एकदाही जाणं झालं नाही.

गेलो ते त्यांच्या तेराव्याला. सई आता चौथीत आहे. तिला मावशी आठवत नाहीत, खोकलाही आठवत नाही. घरासमोर मांडव होता, पण स्वयंपाकाच्या चुली तिथे नव्हत्या. त्या पार शेताच्या टोकाला पेटवल्या होत्या, आणि बाया आमटीची पातेली एवढ्या लांबून वाहत, धापा टाकत येत होत्या. पंगतीत वाढायला आलेल्या मावशींच्या भावजयीला मी विचारलं, चुली इतक्या लांब का?

"तुमी येनार म्हनून," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीला धूर चालत न्हाई न्हवं? वन्संचं ठरल्यालंच असायचं. तुमी रविवारी येनार म्हनलं की सकाळधरनं चूल पेटू द्यायच्या न्हाईत. आमी आपलं शिळी भाकरी खाऊन वाट बघायचो."

त्या सहज बोलल्या, त्यात टोमणा नव्हता. मी पत्रावळीकडे बघत राहिले.

शेजारी सईनं आमटीचा भुरका मारला आणि तिला ठसका लागला. साधा, तिखटाचा ठसका. भावजय हातातलं पातेलं तसंच धरून गर्रकन वळल्या.

"कोरडा हाय का वला?"

बोलल्या आणि थांबल्या. मागच्या पंक्तीतल्या दोघी बायाही वाढायच्या थांबून सईकडे बघत होत्या. त्यांना मी ओळखतही नव्हते.

"कोरडा," मी म्हणाले.