शिमग्याचा दंड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझी साधी सर्दीसुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काहीच नाही. सांगायचं राहिलंय, एवढंच.

कोकणात, पावसकडच्या एका शाळेत मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. आवाज मात्र मोठा होता. अमेरिकेतल्या वसाहतींचा धडा आला की मला चेव यायचा. तुमच्या पार्लमेंटात ज्यांचा एकही माणूस नाही, त्यांच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण? — असं मी टेबलावर हात आपटून विचारायचो, जणू ते पार्लमेंट शेजारच्याच वर्गात भरलं होतं. चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, हे सांगताना तर एकदा खडूचा डबाच खिडकीबाहेर गेला. पोरं खूश. मग साऱ्या धड्याचं सार मी एका ओळीत बांधून दिलं आणि वर्गाकडून मोठ्याने म्हणून घेतलं. आम्हाला विचारलं नाही, आम्ही देणार नाही.

त्याच वर्षी घाटावरून नवे हेडसर आले. माणूस वाईट नव्हता, शिस्तीचा होता. पण शिमगा काही त्यांना कळला नाही. होळीची सुट्टी दिली की विषय संपला, असा त्यांचा समज. इथे देवाची पालखी घरोघर फिरते, आपल्या वाडीत येईल त्या दिवशी सगळ्यांनी घरात असायला हवं, आणि प्रत्येक वाडीचा दिवस वेगळा. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा टाकून येतात, तिथे पोरं शाळेत कशी बसणार? हेडसरांनी मागच्या शिमग्याची हजेरी काढून पाहिली आणि हुकूम सोडला — पालखीच्या दिवशी जो गैरहजर राहील त्याला दंड.

आणि मी काय केलं? वर्गात हसत म्हणालो, ‘घ्या, तुमच्यावरही कर बसला. तुम्हाला विचारलं का कुणी?’ गंमत म्हणून म्हणालो — नाही, गंमत नव्हती ती. मला त्या हुकुमाचा खरंच राग आला होता. हेडसरांसमोर तो काढायची हिंमत नव्हती, म्हणून मुलांसमोर काढला.

आठवीच्या त्या वर्गात पहिल्या बाकावर सुवर्णा बसायची. आंब्याच्या बागेतल्या राखणदाराची मुलगी. धडा संपला तरी हिचे प्रश्न संपायचे नाहीत. एकदा म्हणाली, सर, त्यांच्या आधी जे लोक तिथे राहत होते, त्यांना या गोऱ्यांनी विचारलेलं का? मला इतका आनंद झाला की घरी जाऊन आईला सांगितलं. मला त्या मुलीचं फार कौतुक होतं, माया होती. हे मुद्दाम सांगतोय. आवडत नसती तर गोष्ट वेगळी असती का? नसती बहुतेक.

शिमगा झाला, दंड मागितला गेला, आणि अख्खा वर्ग हाताची घडी घालून उभा राहिला. फळ्यावर सुवर्णाच्या ठसठशीत अक्षरात माझी ओळ. हेडसरांनी मला खोलीत बोलावलं. ‘हे कोणी शिकवलं?’ एवढंच विचारलं त्यांनी. उत्तर केवढं होतं? मी शिकवलं. संपलं असतं. मी म्हणालो, ‘पुस्तकात आहे तेवढंच मी शिकवतो, सर. बाकीचं त्या सुवर्णाचं डोकं. आगाऊच आहे ती. तिनेच फूस लावली असणार सगळ्यांना.’

तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मी पायाकडे. मग ती म्हणाली, “खोटं काय लिवलंय ता सांगा, मग मागते.” वडिलांना बोलावणं गेलं. मुलीला किती शिकवायचं म्हणून ते आधीच कुरकुरत होते. त्यांनी दाखला काढून नेला.

फाटकाशी मी भेटलो तेव्हा त्यांनी मलाच हात जोडले. “हिच्यापायी तुमालापन बोलनी खावी लागली आसतील, सर.” आणि मी — खरी गोष्ट ही आहे — मी म्हणालो, ‘मी हेडसरांना सांगून पाहिलं हो. ऐकलंच नाही त्यांनी.’ सुवर्णा मागेच उभी होती. तिचे डोळे भरून आले. हेडसरांच्या खोलीतलं खोटं मी घाबरून बोललो होतो. हे बाहेरचं कशासाठी? मी चांगला दिसावं म्हणून.

पुढच्या वर्षी तो दंड सगळे विसरूनही गेले. हेडसर स्वतः कुणाच्या तरी घरी पालखीला जाऊन पुरणपोळी खाऊन आले. मी कायम झालो. सुवर्णा काजूच्या कारखान्यात लागली, मग जवळच्याच वाडीत लग्न झालं. शाळा तिला पुन्हा मिळाली नाही. आता दर मोसमात पहिले आंबे गवतात घालून मला आणून देते. मी खातो. गोड लागतात, हेही सांगून टाकतो.

यंदा शिमग्याला तिने मला घरी बोलावलं. वडील आता नाहीत, नवऱ्याला या वेळी मुंबईहून रजा मिळाली नव्हती. पालखी अंगणात बसली, सुवर्णाने ओटी भरली, आणि मानकऱ्यांनी विचारलं, “गाऱ्हानं कोन घालनार?” घराच्या वतीने देवासमोर कोण बोलणार, असं. तिने माझा हात धरून मला पुढे केलं.

“सर बोलतील. माज्यासाठी येकदा तेच बोललेले. दुसरा कोन नाय बोलला.”

तिची लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. तीही आता आठवीतच आहे.

तेव्हा तरी सांगायचं. देव समोर होता, ती समोर होती. मी हात जोडले आणि बोललो. तिच्या घराला सांभाळ, नवऱ्याला सुखरूप ठेव, लेकीला खूप शिकव. चांगलं बोललो. आवाज कुठेही अडखळला नाही. सगळी वाडी म्हणाली, “व्हय महाराजा!” सुवर्णा सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.