बाजू पालटताना

अण्णांच्या ऑर्केस्ट्राच्या तीन कॅसेटी आमच्या जव्हारच्या घरात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. अण्णा म्हणजे माझे वडील, तरुणपणी गिटार वाजवायचे. लग्नं, हळदी, गणपती. जीपमध्ये ड्रम आणि माणसं कोंबून मोखाड्यापासून साखरशेतपर्यंत जायचे. लोकांना हिंदी गाणी हवी असत. ती झाली की अण्णांना दोन-तीन जुनी इंग्रजी पॉप, नाहीतर रॉक वाजवायची मुभा मिळे. गायकाला इंग्रजी येत नव्हतं, ऐकणाऱ्यांनाही नाही, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पोशेऱ्याला तर म्हणे नवरीकडच्या म्हाताऱ्या त्याच गाण्यांवर जास्त नाचल्या.

रेकॉर्डिंग आई करायची. नवीन लग्न झालेलं, ती सोबत जायची, आणि बसून कंटाळू नये म्हणून अण्णांनी टेपरेकॉर्डर तिच्या हवाली केला. अर्ध्या तासाने कॅसेटची बाजू पालटावी लागे. गाण्याचा तेवढा भाग निसटू नये म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. आईने हात वर केला की सगळे थांबायचे, एकटा ड्रमवाला ठेका धरून ठेवायचा. आई कॅसेट उलटी घालायची, बटण दाबायची आणि म्हणायची, “झालं. वाजवा.” मग सोडलं तिथून गाणं पुढे सुरू. नाचणाऱ्यांना वाटायचं, गाणं असंच आहे.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं, तरी माती खाल्लीच.

गेल्या वर्षी मी जुना प्लेअर दुरुस्त करून आणला आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. मला पसारा खपत नाही, ऑफिसच्या टेबलावर नाही आणि घरातही नाही. मी खरखर काढली, शिट्ट्या आणि खोकले काढले, नुसता ड्रम वाजत राहतो तो भाग काढला, गाण्यांचे तुकडे बेमालूम जोडले. एवढं ऐकत कोण बसतंय, पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा बघून कापत गेले. मूळ फाइली जागा खातात म्हणून पुसूनही टाकल्या. पेनड्राइव्ह अण्णांच्या हातात देताना मी शाबासकीची वाट बघत होते.

अण्णांनी सगळं ऐकलं. छान झालंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. तिसऱ्या दिवशी चाचरत विचारलं, “बाय, मधलं कुठं गेलं गं?”

“मधलं म्हणजे?”

“बाजू पालटतानाचं.”

आई जाऊन पाच वर्षं झाली. व्हिडिओ काढायला फोन समोर धरला की ती पदर तोंडाला लावायची. तिचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी स्वतःच्या हाताने सोडून दिला होता. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते, म्हणून अण्णांवरच ओरडले, “आधी नाही का सांगायचं?”

“तू एवढी मेहनत घेतलेली,” ते म्हणाले.

कॅसेटी होत्या, पण प्लेअरवाल्याने बजावलं होतं की फिती जुन्या आहेत, एकदा चालतील, पुन्हाची खात्री नाही. पहिली प्लेअरमध्ये गुंडाळली आणि तुटली. दुसरीला बुरशी, नुसती घरघर आली. तिसरी लावायला माझा हात होईना. मी प्लेअर कॉम्प्युटरला जोडून ठेवला, कॅसेट अण्णांनीच घातली.

आधी सरसर. मागे ड्रमचा ठेका. आणि अगदी जवळून आईचा तरुण, थोडा दम लागलेला आवाज: “झालं. वाजवा.”

गिटार सुरू झाली तसं अण्णांनी प्लेअर बंद केला.

“गाणं होऊ दे की,” मी म्हटलं.

“गाणं येतं मला,” ते म्हणाले.

मी तेवढाच भाग खरखरीसकट त्यांच्या फोनवर घालून दिला, काही न कापता. आई गेल्यापासून गिटार खुंटीला होती. आता रोज सकाळी चहा झाला की अण्णा ती मांडीवर घेतात, फोनवर तेवढं लावतात, आणि आईने सांगितलं की वाजवायला लागतात.