ह्यांची खुंटी

माझं माहेर सांगलीचं. तिथं भिंती चुन्याच्या. एखादा खिळा उपटून आला तरी वडील गवंड्याला बोलवायचे. सासर फलटणजवळच्या खेड्यात. तिथं भिंती मातीच्या, आणि त्यातली भोकं बुजवायची ती घरच्या बायकांनी. लग्नाआधी हे कुणी सांगितलं असतं तर!

लढाईचे दिवस होते. हे पलटणीत, नेमके कुठं, ते पत्रातूनही कळायचं नाही. जाताना ह्यांनी आपला फेटा माजघरातल्या खुंटीला अडकवला होता. तो तिथून हलवायचा नाही, असा आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हुकूम. खुंटीवर फेटा आहे तोवर लेक सुखरूप, असं त्यांनी मनाशी धरलेलं. मी मनातल्या मनात हसायची. पण झाडताना त्या फेट्याला केरसुणी लागू द्यायची नाही, हेही खरं.

एका दुपारी आत्याबाई शेतात तण काढायला, भांगलायला गेल्या आणि मी शहाणीनं त्याच खुंटीला शेंगांची पिशवी लटकवली. फेटा, खुंटी, शेंगा, सगळं धपकन भुईवर! भिंतीत नारळाएवढं भगदाड. हसणं गेलं कुठल्या कुठं.

माती, शेण, भुसा कालवून भोकात कोंबला, खुंटी ठोकली. घटकाभरात सगळं बाहेर. पुन्हा कोंबलं, पुन्हा बाहेर. "धर की गं मेले!" मी रडत रडत भिंतीलाच शिव्या द्यायला लागले.

"आगं, कोरडी भित वली माती धरंल व्हय? आदी पानी पाज तिला."

मागं आत्याबाई उभ्या.

त्यांनी तांब्या घेतला आणि भोकात पाणी शिंपडलं. "ह्याच्याआदी दोनदा पडलीया ही. तू पान्याला गेलीस की मीच बसवायची. तू भ्याशील म्हून बोलले न्हाई."

मग आम्ही दोघींनी मिळून खुंटी बसवली. दोघीही रडलो, त्यात लाजायचं काय?

लढाई संपली, हे आले. आल्या आल्या फेटा काढून डोक्याला गुंडाळला आणि खुंटीला पलटणीची जडशीळ पिशवी अडकवली. खुंटी धाडकन खाली, भिंतीचं ढेकूळ घेऊनच. हे ओशाळून आईकडं बघायला लागले.

"पडंना का मेली आता," आत्याबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.