तांब्याच्या नळीचं बटण

कुठलीही बिघडलेली वस्तू हातात आली, की ते ती आधी कानाशी नेऊन हलवत. पंख्याचा रेग्युलेटर असो, कुणाचा मोबाइल असो, एकदा तर माझ्या बायकोने त्यांच्यासाठी दिलेला लाडवांचा डबासुद्धा. आत काही सुटं वाजतंय का, ते ऐकायचं. स्विच असला तर तो चारदोनदा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "दाबायला काय, कुठलाही स्विच दाबला जातो. सुटतो का, ते बघायचं."

दुबईत, जबल अलीच्या एका कोल्ड स्टोरेज कंपनीत ते इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे सुपरवायझर होते आणि मी स्टोअर्समध्ये. मी अजूनही तिथेच आहे. सकाळच्या कंपनी बसमध्ये आम्ही दोघंच मराठी. ते कराडकडचे, कुटुंब तिकडे, स्वतः अल क्वोजच्या कंपनी अकोमोडेशनमध्ये. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. सगळ्यांची यंत्रं चालू ठेवतो आणि स्वतःबद्दल विचारलं की विषय बदलतो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. मी त्यांचा "स्टोअरवाले".

सिगारेट त्यांची जुनी. ती सुटली मुलीमुळे. एकदा सुट्टीवर गेले असताना बारावीतली मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दुबईला परत गेलात की आठवडाभर कपाटाला तुमचा नाही, सिगारेटचा वास येतो." हे त्यांनी मला बसमध्ये, खिडकीबाहेर बघत सांगितलं. मुलीला शब्द दिला आणि परत आल्यावर चौथ्याच दिवशी व्हेपच्या, म्हणजे वाफेच्या सिगारेटच्या, दुकानात गेले. मुलीला कळलं एवढंच, की बाबांनी सोडली. तिच्या दृष्टीने ते खरंही होतं.

दुकानदार त्यांना दिवे लागणारी, आकडे दाखवणारी यंत्रं दाखवत होता. त्यांनी घेतली एक साधी तांब्याची नळी. वीतभराहून लहान. आत एक सेल, वर निकोटीनच्या लिक्विडमध्ये भिजवलेला कापूस आणि कॉइल, बुडाशी बटण. बटण दाबलं की सेलचा करंट थेट कॉइलला, वाफ तयार. मध्ये सर्किट वगैरे काही नाही. "दोनशे दिरहॅम. म्हणजे चार हजार रुपये," ते मला म्हणाले, "पण यात बोर्ड नाही. बोर्ड गेला की खलास. यात जे बिघडेल ते डोळ्यांना दिसतं."

बिघडायचं म्हणजे ते बटणच. दर दोन-तीन आठवड्यांनी ते आमच्याकडे जेवायला येत आणि जेवण झालं की बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून नळी उघडत. आधी सेल बाहेर. त्याशिवाय पुढचं काही नाही. सेलच्या वेष्टनाला कुठे चीर पडली आहे का, ते चष्मा कपाळावर नेऊन बघायचं. मग बटणाचे भाग ओळीने मांडायचे. स्प्रिंग, संपर्काची पिन, प्लॅस्टिकची चकती. ठिणग्यांनी पिनेवर काळा डाग धरला, की बटण दाबूनही वाफ येत नाही. तो डाग पेन्सिलच्या खोडरबराने घासायचा. आट्यांमध्ये वरून गळलेलं चिकट लिक्विड साचतं, ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. शेवटी मल्टिमीटर लावून बटण दाबायचं. दाबल्यावर पीं वाजलं पाहिजे आणि सोडल्यावर थांबलं पाहिजे. थांबणं त्यांना जास्त महत्त्वाचं. बटण आत अडकून राहिलं तर करंट चालूच राहतो, नळी तापते आणि सेल फुटू शकतो. आमचा मुलगा आत सोफ्यावरून ओरडायचा, "अंकल, जस्ट बाय अ न्यू वन!" ते हसत आणि पुन्हा बटण दाबत.

एके वर्षी माझी आई व्हिजिट व्हिसावर आली होती. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी बाल्कनीत नळी उघडली, बटणाचे भाग मांडले आणि आम्ही दोघं खाली दूध आणायला गेलो. परत आलो तर वर्तमानपत्र रिकामं. आई स्वयंपाकघरात देवांची भांडी घासत होती आणि ताम्हन-पळीच्या शेजारी, चिंच आणि मिठाने लख्ख घासलेली, ती नळी उपडी घातलेली होती. भागसुद्धा वाटीत चिंचेच्या पाण्यात.

"कुणाची रे ही अत्तरदाणी? किती काळी पडू दिलीये!" आई मला म्हणाली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते मात्र आईसमोर नळी उन्हात धरून म्हणाले, "मावशी, नवी असतानाही अशी चमकत नव्हती." आई खूश झाली. त्यांनी ती पुसली, जोडली आणि खिशात टाकली. मी खुणेने विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. म्हातारं माणूस."

दोन दिवसांनी मिठाने काम केलं. आट्यांत ओल राहिली होती, आतली स्प्रिंग गंजली आणि बटण खिशातच अडकलं. ते तेव्हा कंप्रेसर रूममध्ये होते. मांडीला चटका बसला तसा त्यांनी हातमोजा चढवून नळी उघडली आणि सेल आग विझवायच्या वाळूच्या बादलीत टाकला. मांडीवर रुपयाएवढा फोड आला. मला म्हणाले, "मावशींना कळता कामा नये." कळलं नाही. आई भारतात परत जाईपर्यंत त्यांच्या चमकणाऱ्या अत्तरदाणीची चौकशी करत होती.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. दुकानात स्प्रिंग मिळेना. "हबीबी, ये मॉडल खलास, नया ले लो," असं तिथल्या पोराने सांगितलं. नवं घ्यायला ते तयार नव्हते, आणि ही नळी बंद. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या काउंटरवर सिगारेटचं कोरं पाकीट ठेवलं. "घेतलं खरं. कपाटात टाका. मागितलं तर देऊ नका."

तिसऱ्या दिवशी मागितलं. मी नाही म्हणालो. "तुम्ही माझे कोण लागता?" ते एवढ्या जोरात म्हणाले की समोरचा पठाण ड्रायव्हर वळून बघायला लागला. मीही चिडलो. उन्हाळा होता, इन्व्हेंटरी चालू होती, मला दुसऱ्याच्या व्यसनाची राखण करायची हौस नव्हती. पण चावी काही दिली नाही. ते गेले आणि तासाभराने भंगारातला एक जुना काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा स्विच, मागायला आले. त्यातली एक आखूड स्प्रिंग काढली, त्यातलीच चांदीची टिकली घासून पिनेवर बसवली. संध्याकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसले, नळी माझ्या कानाशी धरून बटण दाबलं, सोडलं. टक्. "सुटतंय," म्हणाले. माफी मागितली नाही. मला ती पोचली.

सहा वर्षं त्यांनी एकही सिगारेट ओढली नाही. वर्षाच्या सुट्टीला जाताना नळी माझ्याकडे ठेवून जात, कारण आपल्याकडे भारतात या गोष्टीवर बंदी. ते तीस दिवस लवंगा चघळून काढायचे. "तीस मोजता येतात हो," म्हणायचे. तीस दिवसांनी नळी आहे, हे ठाऊक असायचं.

मग साठी आली आणि व्हिसाचं नूतनीकरण झालं नाही. पार्टी झाली, केक झाला, मॅनेजरने त्यांच्या नावाचा उच्चार चुकवला. जाण्याच्या आठवडाभर आधी ते स्टोअरमध्ये आले, सेल बॅटरीच्या डब्यात टाकला आणि नळी काउंटरवर ठेवली. "तांबं आहे. स्क्रॅपमध्ये घ्या." मी म्हटलं, ठेवून देतो. तर म्हणाले, "कशाला? मी परत येणारे का?" मग जरा थांबून, "तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर सिगारेट मिळते. फक्त हे मिळत नाही. आता बोला." मी ती वजन करून नोंदवली. मला ते करायचं नव्हतं.

पहिले दोन महिने दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल यायचा. शेत दाखवायचे, गच्चीवरची टाकी दाखवायचे, ती भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच स्वतः बसवला म्हणून सांगायचे. मग नुसता आवाज यायला लागला. "नेटवर्क नाही," म्हणायचे. मध्येच खोकायचे. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मागच्या महिन्यात मुलीचा फोन आला. ती आता बँकेत आहे. माझा नंबर तिने वडिलांच्या फोनमधून घेतला होता.

"काका, बाबांच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं. खरं सांगा, तिकडे ओढायचे का?"

"सहा वर्षांत एकही नाही."

मला वाटलं, तिला हायसं वाटलं असेल. मग म्हणाली, "म्हणजे तिकडे एकटे होते तेव्हा ओढली नाही, आणि आमच्यात येऊन सुरू केली?"

हा अर्थ निघेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मग मी ते सांगून टाकलं, जे त्यांनी तिला कधी कळू दिलं नव्हतं. नळी, तिचं बटण, ते कसं साफ करायचे, तीस दिवस कसे काढायचे, सगळं. तिच्या मनातून ते ओझं जावं म्हणून सांगितलं. पण सांगताना कळत होतं, की मी तिच्या वडिलांना खोटं ठरवतोय.

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला, जिन्यावर चपला वाजल्या, आणि त्यांचाच आवाज, "कोण गं?"

"कुणी नाही बाबा," ती म्हणाली. "राँग नंबर."

त्यानंतर चार शुक्रवार गेले. त्यांचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. केला तर ते विचारतील, "काय स्टोअरवाले, काय विशेष?" आणि मला म्हणावं लागेल, काही नाही.