गुणवंतभाऊंचं पुस्तक सगळ्यांचं!

पुस्तकं विकणाऱ्यानं कायदा शिकावा कुठं? मी तर दहावीनंतर थेट गल्ल्यावर बसलो. पण आमच्या अमरावतीच्या दुकानात एकाच पुस्तकाच्या चोरीचे इतके किस्से गोळा झालेत, की आता वकीलही माझ्याकडे चहाला येतात!

पुस्तक चांदूर बाजारच्या गुणवंतभाऊंचं. वीस वर्षं संत्र्याच्या बागेत उभं राहून जे दिसलं, ते या माणसानं वहीत टिपलं. झाडाला डिंक्या रोग का लागतो, फळ का गळतं, सगळं. मी छापलं. भाऊंना एकच हौस, पुस्तकावर आपलं नाव असावं.

पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं आणि उभ्या-उभ्या मोबाइलनं पानांचे फोटो काढू लागलं.

"काय करून राहिले भाऊ?"

"झालंच काका, अर्धं झालं. बाकीचं उद्या. दुकान किती वाजता उघडता?"

*

मग सकाळी फिरायच्या ग्रुपवर पीडीएफ आली. पाठवणारे आमचेच प्राध्यापक मित्र. वर लिहिलेलं, 'दुर्मिळ पुस्तक. ज्ञान वाटल्यानं वाढतं!' आत पहिल्याच पानावर माझ्या दुकानाचा शिक्का!

फोन लावला. "सर, दुर्मिळ कसलं? तीन गठ्ठे पडले आहेत माझ्याकडे!"

"म्हणूनच तर पाठवलं. कोणी वाचत नव्हतं बिचारं!"

*

अकोल्याला कृषी प्रदर्शनात गेलो, भाऊ सोबत. एका स्टॉलवर याच पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती, वर झकास प्लास्टिक. कव्हरवरून भाऊंचं नाव गायब! मी भडकलो. "ओरिजिनल कुठं आहे?"

स्टॉलवाला आपुलकीनं म्हणाला, "ते नका घेऊ काका. त्याची बांधणी कच्ची हाय, पानं सुटतात. आमची स्पायरल हाय!"

परत येताना मूर्तिजापूरला चहा घेताना भाऊ म्हणाले, "दुसरा भाग लिहून तयार हाय. पन आता नाही छापत. पुस्तकावर माहं नावच नाही राहत तं त्याइनंच लिहावं."

*

मी पोलीस ठाण्यात गेलो.

"चोरी कधी झाली?"

"रोज होऊन राहिली, साहेब."

"माल कुठं आहे?"

"दुकानात."

"मंग गेलं काय?"

तासभर समजावलं. शेवटी साहेबांनी पुरावा म्हणून ती पीडीएफ स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतली. दोन पानं वाचली, खूश झाले. "काम की चीज हाय! माह्या सासऱ्याची बाग हाय वरुडले. त्याइले पाठवतो!"

आता सांगा, कायदा काय करायचा? कागदावर तो कडक आहे हो. पण उचलणाऱ्याला पाच सेकंद लागतात, आणि लिहिणाऱ्यानं मात्र पुरावे घेऊन दारोदार फिरायचं! ज्याच्या वेबसाइटवर असा चोरीचा माल खपतो, त्यानं आधी विचारावं ना, 'बाबा, हे तुझं आहे का?' आमच्याकडे बैल विकायलासुद्धा दाखला लागतो!

*

शेवटी मीच भाऊंना तयार केलं. म्हटलं, बागेत उभं राहून स्वतःच्या आवाजात पुस्तक वाचा, व्हिडिओ टाका, लोकांना लेखक तरी कळेल. टाकला. चौथ्या दिवशी व्हिडिओवाल्या कंपनीनं उडवला! म्हणे, ही दुसऱ्याची मालमत्ता आहे, मालकाची परवानगी आणा.

'मालक' निघाला तेल्हाऱ्याचा एक चॅनलवाला. त्यानं तेच पुस्तक स्वतःच्या आवाजात वाचून आधीच व्हिडिओ टाकलेला, आणि तक्रारही त्याचीच. कापसाच्या गावचा माणूस, संत्रं त्यानं हातगाडीवरच पाहिलं असेल! चॅनलवर नंबर होता. दुकानातूनच लावला, स्पीकरवर.

"मी गुणवंत बोलतो, चांदूर बाजारहून. ते पुस्तक मीच लिहिलं."

"अरे वा काका! लय भारी लिहिलं बरं तुमी!"

"मंग माहा व्हिडिओ काहून काढला?"

"मी पयले टाकला ना काका. नियम हाय."

मग त्यालाच आमची दया आली.

"जाऊ द्या, तुमी मोठे मानसं. देतो परवानगी. फक्त खाली माहं नाव टाकजा काका, नाहीतं लोकाइले वाटन तुमी चोरलं!"