लेकीहून धाकटी आई

सोलापूरच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली…" तेव्हा मी बोकडाच्या खोलीत पाला टाकत होते. त्याची आई मंगल, माझी धाकटी जाऊ. परंड्याजवळच्या आमच्या गावात बायकांचा शेळ्यांचा गट आहे. त्याचा कॉम्प्युटर तिनं एकटीनं सांभाळला. महिना होत आला, पण लाईट गेली की मला अजून ती जुनी दुपारच आठवते.

तेव्हा शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर हीच कॉम्प्युटरमधली तिची ओळख. करडाच्या नोंदीत आई म्हणून तोच नंबर. पण आम्ही बायका काय करायचो, शेळी मेली की तिचा बिल्ला काढून नव्या शेळीच्या कानात! चांगली वस्तू टाकवत नाही ना. मग नवी नोंद जुनीवर बसायची, अन् मेलेलीची करडं नवीच्या नावावर. मंगलनं ठरवलं, आता कॉम्प्युटरच आपला आपण नंबर देईल, एकापुढं एक. एकदा दिलेला परत कुणाला नाही. त्या दुपारी सगळ्या शेळ्यांना नवे नंबर पडले, करडांच्या आयांचेही बदलले. जुनी ओळख कायमची काढायचं तेवढं एक बटण राहिलं… अन् लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी लाल झालेली.

बाहेर शेवंताबाई माजावर आलेली काळी शेळी घेऊन उभी. आजचा दिवस गेला की खेप चुकली. "मंगल, बोकड सोड! माणसाच्या सोयरिकीत एवढं बघत न्हाईत, अन् शेळीची कसली कुंडली मांडलीस गं?"

मंगलनं मान वर केली नाही. "मावशी, तुमची काळी तिच्या आईपेक्षा मोठी कशी?"

"खुळी झालीस व्हय?"

"हितं तसंच दिसतंय. आई म्हणून तेर गावची शेळी, अन् ती तर तुमी यंदा घेतली. तिच्या कानात बिल्ला कुणाचा घातला?"

शेवंताबाई हळूच म्हणाली, "मेलेल्या चांदीचा… काळी चांदीचीच."

"अन् चांदी कुणाची?"

शेवंताबाईनं बोकडाच्या दाराकडं बघितलं. आतून राजा धडका देत होता, कडी खिळखिळी झालेली, मी पाठ लावून दार धरलेलं. "अगं बया… याचीच की!"

म्हणजे राजा काळीचा आजा! मंगल घाईनं चांदीला परत लिहायला लागली. मला राहवेना. "अगं, बॅटरी चाललीय! मेलेल्या शेळीला नंबर कशाला?"

"आक्का, ती गेली. तिची लेक हाय की अजून."

चांदीला नंबर पडला, बाप राजा, लेक काळी. मग मंगलनं बटण दाबलं. झालं म्हणून पडद्यावर अक्षरं उमटली… मागोमाग पडदा काळा. शेवंताबाई काळीला ओढत दुसऱ्या गावच्या बोकडाकडं निघाली. जाताना म्हणाली, "लई आगाऊ हायस." पण काळीला ठणठणीत करडं झाली तेव्हा खरवस घेऊन आली तीच.

तेव्हापासून शेळी मेली की मंगल आधी तिचा बिल्ला कात्रीनं कापायची, मग कॉम्प्युटरला बसायची. परवा काळी मेली. शेवंताबाईनं बिल्ला आणून माझ्या हातावर ठेवला. मी खिळ्यावरची कात्री काढली. मुठीला मंगलच्या निळ्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, तिच्या बोटांच्या जागी दबलेली… माझी बोटं तिथंच बसली.